आरोही म्हणेल तिथे थांबा

"पोचायचं असलं तर त्या विपुलच्या गाडीत बसू नको गं," येसूमावशीनं बजावलं होतं. समिधानं ते हसण्यावारी नेलं. कुंभिवली ते भिवपुरी, अंतर ते केवढं! शिवाय एसटी डोळ्यांदेखत निघून गेलेली, कडेवर तीन वर्षांची लेक आरोही, काखेत मावशीकडून मागून आणलेली पैठणी, आणि घड्याळात एक वाजलेला.

चार वाजता तिला बघायला पाहुणे येणार होते. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. हे स्थळ पनवेलचं, नोकरी पक्की, फ्लॅट स्वतःचा. अट एकच: आरोही आजोळीच राहील. समिधा 'बघू' म्हणाली होती. घरच्यांनी त्या 'बघू'चा 'हो' करून टाकला होता, आणि ती गप्प बसली होती.

तेवढ्यात ती पोपटी गाडी समोर येऊन थांबली. कधीकाळची शाळेची बस. आता आत गादी, छोटा ओटा, शेगडी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. मावशीचा शेजारी विपुल हे चाकांवरचं घर मुंबईच्या पर्यटकांना भाड्यानं द्यायचा. आज गाडी रिकामीच कर्जतच्या पुढे निघाली होती.

समिधानं चढल्याचढल्या शेगडीचं बटण तपासलं, मग सिलिंडरचं, मग ओट्याच्या कडांवरून हात फिरवला.

"बंद हाय," विपुल आरशातून म्हणाला. "मी बघितलंय."

"मी नव्हतं बघितलं."

आरशातले डोळे हसले. तिनं पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघितलं... उगाचच.

दहा मिनिटांत ब्रेक लागला. ढाब्यासमोर सिमेंटचा डायनासोर उभा होता, गळ्यात लिंबू-मिरची, कपाळाला कुंकू. आरोहीनं त्याला बिस्कीट भरवलं. तो खात नाही म्हणून दुसरं भरवलं. शिळफाटा मागे पडला आणि पुन्हा ब्रेक. आता उलटं घर: खाटा-खुर्च्या छताला, पंखा जमिनीतून उगवलेला. त्या पंख्याभोवती आरोही गोल गोल पळत राहिली आणि विपुल हातावर चालून दाखवत राहिला. त्याच्या खिशातली चिल्लर घरभर सांडली. समिधाला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच राग आला.

कर्जत ओलांडताना तीन वाजले. परतीच्या पावसाची एक सर काचेवर तडतडली आणि भिवपुरीच्या अलीकडे गाडी पुन्हा बाजूला लागली. ओहोळाच्या काठी गोमाआबा नावाच्या म्हाताऱ्यानं पत्र्याची माणसं उभी केली होती. पाणी वाहिलं की ती कांडायची, दळायची, एकमेकांना नमस्कार करायची. आरोही टाळ्या पिटत धावली. समिधाचा बांध फुटला.

"वेळकाळ काही आहे की नाही तुम्हाला? काही दिसलं की थांबायचं?"

"मी कुठं थांबलो, मॅडम? दर वेळी आरोहीला विचारलं, थांबायचं का? ती हो म्हणाली."

"तीन वर्षांच्या पोरीला विचारून गाडी चालवता?"

"मग?" त्याचाही आवाज चढला. "आजच्या दिवसात दुसऱ्या कुणी काय विचारलंय तिला?"

पाहुणे, अट, सगळं कुंभिवलीभर झालेलं होतं तर! त्याला कुणी दिला हा अधिकार, असं ती विचारणार, तोच फोन वाजला. आईचा आवाज दबका होता. पाहुणे आधीच आले होते. आरोहीला परस्पर शेजारच्या जयाकाकूंकडे सोड, आई सांगत होती, पोर त्यांच्या नजरेस पडायला नको. तू मागच्या दारानं ये.

पोर नजरेस पडायला नको. जणू ती फुटकी कपबशी होती! समिधाचे कान तापले. पलीकडे आरोही पत्र्याच्या बाईला परत परत नमस्कार करत होती, आणि गोमाआबा तिच्या बुटाची नाडी बांधत होते.

"आई, मी पुढच्या दारानं येणार," ती म्हणाली. "आरोहीला घेऊन. माझ्या शेजारी बसेल ती. चालत नसेल, तर त्यांना पोहे देऊन वाटेला लाव."

तिनं फोन बंद केला. विपुलनं काही न बोलता ओट्यावरचा पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तुम्ही काही बोलू नका," ती म्हणाली.

"मी कुठं—"

"का नाही बोलत?"

तो गडबडला. कानाची पाळी लाल झाली. "आज बोलणं बरं नाय दिसत. तुमाला बघायला लोक बसलेत. उद्या इचारीन."

"कोणाला?"

"पयलं आरोहीला." मग अडखळत, गाडीच्या चाकाकडे बघत... "तिनं हो म्हटलं, तर तुमाला. तुमची भीती वाटते मला. तासाभरापूर्वी नव्हती वाटत."

"वाटायलाच हवी," समिधा म्हणाली. राग अजून उतरला नव्हता, तरी तांब्या घेताना तिची बोटं त्याच्या बोटांवर जराशी जास्तच वेळ राहिली.

पाहुणे पोहे खाऊन गेले. वर्षभर गेलं, आणि माघात समिधा-विपुलचं लग्न लागलं तेव्हा आरोही दोघांच्या मधोमध पाटावर बसून भटजींना सतरा प्रश्न विचारत होती.

त्यांचं बरं चाललंय. पण तुमच्या आळीत आज कुठे बघण्याचा कार्यक्रम असेल, आणि मुलगी दुसऱ्या लग्नाला उभी राहणार असेल, तर त्या घरात नंतर जा. आधी शेजारच्या घरात डोकावा. तिथे एखादं लेकरू नवे कपडे घालून, हातात बिस्किटाचा पुडा धरून गप्प बसलं असेल. त्याला इथे का बसवलंय ते कुणी सांगितलंय का, एवढं तरी विचारून या.