बायलरची माती

दिवाळी आठ दिवसांवर आली की तुमसरच्या त्या गल्लीत बाया भिंती पोतारायला काढत. पांढरी माती पाण्यात कालवायची, जुन्या लुगड्याचा बोळा तीत बुडवायचा आणि वरून खाली हात मारत यायचं. अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीआधी कुंदा करडीला आजारी आईला पाहायला गेली होती. परतली तर शेजारच्या यशोदाबाईनं तिच्या माघारी आतली खोली पोतारून ठेवलेली.

"पाय वो बाई, कशी झकास दिसते! बायलरची माती आहे. तडकत नाई, पोपडा धरत नाई. तुया घरवाल्यानंच आणून देली."

कुंदाचा नवरा इश्वर उसन्या, म्हणजे भात उकडून काढायच्या तांदळाच्या गिरणीत बायलरवर फिटर होता. वाफेच्या नळांवर थापायची पांढरी भुकटी पोत्यांनी यायची आणि उरलेली माणसं घरी न्यायची. अख्ख्या गल्लीतल्या चुली तिनंच सारवलेल्या. यशोदाबाईचा नवरा धनीराम ती भुकटी अकरा वर्षं हातानं कालवत होता. मागल्या उन्हाळ्यात तो दम लागून गेला. शेवटी शेवटी त्याला आडवंही होता येत नसे. कुंदाची आतली खोली थंड, म्हणून दुपारभर तो इथं येऊन बाजेवर बसायचा, भिंतीला कपाळ टेकून.

कुंदानं भिंतीवरून बोट फिरवलं. बोटाला रेशमासारखे बारीक तंतू लागले, आणि भंडाऱ्याच्या कॉलेजातली प्रयोगशाळा तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. बर्नरवर ठेवायची तारेची जाळी, तिच्या मधोमध पांढरा गोल. अ‍ॅस्बेस्टॉस. तो गोल कुरतडू नका, छातीत गेलं की निघत नाही, असं सर ओरडायचे.

संध्याकाळी तिनं इश्वरला सांगितलं. तो हसला.

"तो फॅक्टरी इन्स्पेक्टर आला होता ना, तोही असाच बोले. कोरडं झाडू नका, ओलं करा, तोंडाले फडकं बांधा. मालकानं चहा पाजला, गेला बिचारा."

"मग तुम्ही बांधता का?"

"त्या वाफेत? तू बांधून पाय."

"निदान कपडे बाहेर काढत जा. झटकू नका. मी वेगळे भिजवते."

दोन दिवस त्यानं ऐकलं. तिसऱ्या दिवशी तो पांढऱ्या पापण्यांनी तसाच आत आला आणि अडीच वर्षांच्या चिमीला कडेवर घेतलं.  बोलून बोलून कुंदाचाच घसा दुखायला लागला होता. पुढच्या खोलीत चूल, मागं ही एकच खोली; पोरीला निजवायचं तरी कुठं? तिला घेऊन करडीला कायमचं निघून जावं, असंही कुंदाच्या मनात येऊन गेलं.

भिंतीवरची ओल तिला पहिल्यांदा दिसली ती दुपारी, चिमी झोपल्यावर. वाटीएवढी गोल, बाजेवर बसल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. छपराचे कवेलू गळत असतील म्हणून तिनं वर पाहिलं. महिनाभर पाऊस नव्हता. भिंतीपलीकडं यशोदाबाईचं आंगण, खडखडीत वाळलेलं. परत येऊन पाहते तो ओल नाही. मग पुन्हा आली. आरशावर हा: करावा तशी पसरायची, काठांपासून विरायची, पुन्हा पसरायची.

कुंदानं कोनाड्यातल्या घड्याळाकडं पाहून मोजलं. मिनिटाला अडतीस वेळा.

शेवटच्या दिवसांत धनीरामला तपासायला यायचे त्या डॉक्टरांनी त्याचे श्वास मोजून याच खोलीत, तिच्यासमोर, हाच आकडा म्हटला होता.

तिनं यशोदाबाईला बोलावलं. म्हातारीनं ओल पाहिली. मग तिनं हळूच डोक्यावरचा पदर पुढं ओढला, नवऱ्यासमोर ओढायची तसा.

"मावशी, काय आहे हे?"

"चहा ठेव वो बाई," यशोदाबाई म्हणाली. "कोरा. दूध चालत नसे त्याईले."

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दुसरी ओल आली. पहिलीच्या बाजूला, पण खाली, मांडीच्या उंचीवर. चिंचोक्याएवढी. चिमी खेळत खेळत भिंतीपाशी जाऊन उभी राहिली, आणि तिचं तोंड बरोब्बर तिथं आलं. कुंदानं तिला ओढून घेतलं. पोरीच्या छातीवर तळवा ठेवला आणि भिंतीकडं बघत राहिली. छाती वर, ओल मोठी. छाती खाली, ओल लहान. एकदाही चुकलं नाही.

इश्वरला तिनं सांगितलं नाही. तो दिवाळीची शिफ्ट करून राहिला होता.

सकाळी तिनं चिमीला यशोदाबाईच्या मांडीवर दिलं, लांब, आंगणाच्या टोकाला. आपल्या तोंडाला पदराची दुहेरी पट्टी बांधली. इन्स्पेक्टरचं बोलणं गिरणीत कोणी ऐकलं नव्हतं. इथं ती एकटी ते करणार होती. भिंतीवर पाणी मारलं. पुन्हा मारलं. ओलं ओलंच खुरप्यानं खरवडलं, चिखल खताच्या प्लास्टिकच्या थैलीत भरला, तोंड सुतळीनं आवळलं, आणि थैली मागच्या परसात कमरेएवढ्या खड्ड्यात पुरली. जमीन झाडली नाही, ओल्या फडक्यानं पुसली, फडकंही पुरलं. दुपार टळली. खांदे भरून आले होते.

खालची मातीची भिंत उघडी पडली आणि वाळत आली. ओलीचे दोन्ही डाग तिच्यावर तसेच होते.

तिनं शेणमाती कालवली आणि लिंपायला घेतलं. आधी वरची. हात फिरवताना तळव्याला ऊब लागली, मग नाही. थोडा वेळ थांबली. काही झालं नाही.

मग खालची. मुठीएवढा गोळा पुरेसा होता.

तिनं तो थापला. अंगठ्यानं कड बसवली.

"कुंदा!"

आंगणातून आवाज आला. असा आवाज यशोदाबाईनं धनीरामच्या वेळीही काढला नव्हता.

"कुंदा वो, पोरगी श्वास घेऊन नाई राहिली!"

कुंदा उंबऱ्यापर्यंत धावली. चिमीचं तोंड उघडं होतं, डोळे उघडे होते, ओठ जांभळे. यशोदाबाई तिला पालथी धरून पाठ चोळत होती.

कुंदा पोरीकडं गेली नाही.

ती मागं फिरली. भिंतीपाशी गुडघ्यांवर पडली आणि दोन्ही हातांच्या नखांनी ओली माती उपसली.

आंगणात चिमीनं एक लांब श्वास ओढला, आणि रडली.

संध्याकाळी इश्वरनं भिंत पाहिली. "सारी लिंपली, अन हे एवढं भोक काहून सोडलं?"

"राहू द्या," कुंदा म्हणाली. "लागते ते."

ही भिंत सोडून चिमीला करडीला कायमचं न्यायचा विचार तिनं पुन्हा मनात आणला नाही. रोज सकाळी ती त्या उघड्या जागेची कड ओल्या फडक्यानं पुसायची, धूळ उडू नये म्हणून.

पुढल्या साली पोळा आला तेव्हा चिमीच्या तोंडाबरोबर ओलही चार बोटं वर सरकली होती. कुंदानं वरची तेवढी माती खरवडली, आणि खालची जागा लिंपून घेतली.