शून्य वजनाचा स्नॅपशॉट

“माही तूर चोरीले गेली,” खुर्चीत बसायच्या आधीच शालिग्राम म्हणाले.

“शेतातून की घरातून?” संगीता राठोडने विचारलं.

“कॉम्प्युटरातून.”

कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या देवमनकाकांनी चष्मा सारखा केला. वाशिमच्या वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून ते संगीताबरोबर तपासाच्या कामावर जात. आपला तिला नेमका काय उपयोग होतो, हे त्यांना अजून कळलं नव्हतं आणि विचारायचा धीरही होत नव्हता.

शालिग्राम किन्हीराजा गावचे. त्यांच्या रानात एक तूर होती. आजूबाजूचं पीक मर रोगाने उभ्या उभ्या वाळलं, तरी ही हिरवीच राही. दरवर्षी निवडक झाडांचं बी राखत राखत हे वाण तयार झालं होतं, आणि आता त्याची सरकारदरबारी नोंदणी व्हायची होती, शालिग्राम यांच्या नावाने. उद्या सकाळी समिती येणार. पुरावा म्हणजे वर्षावर्षाचे फोटो आणि झाडांची मापं. ते सगळं गावच्या शेतकरी कंपनीच्या स्टोरेजवर ठेवलेलं. आज सकाळी उघडून पाहिलं, तर डिस्क कोरी.

“समितीले दाखवाले काहीच नाई. माहं नाव गेलं समजा,” शालिग्राम म्हणाले. “सगळे फोटो मी सोता काढले, बाई. एकबी दुसऱ्यानं काढला नाई.”

संगीताने गाडीची किल्ली उचलली. देवमनकाका मुकाट्याने मागे निघाले.

कंपनीच्या कचेरीत एक खोली बर्फासारखी थंड ठेवली होती. आत स्टोरेजच्या काळ्या पेटीवर हिरवे दिवे लुकलुकत होते. पेटीची देखभाल करणारा हरीओम घामाघूम झाला होता, त्या थंडीतही.

“हे असं समजा,” तो सांगू लागला, “यात खऱ्या डिस्का ठासून भरल्या हायेत. वापरनाऱ्याले त्याचे कप्पे पाडून देतो. एक हिशोबाचा, एक तुरीचा. त्याले व्हर्च्युअल डिस्क म्हनते. कोनता कप्पा सर्व्हरले जोडाचा, कोनता सोडवाचा, ते इथून ठरवता येते.”

“आणि पडद्यावर ‘स्नॅपशॉट’ लिहिलंय, ते काय?” संगीताने विचारलं.

“कप्प्याचा त्या घडीचा फोटो. हिशोबाचा रोज सकाळी आपोआप निघते. तुरीचा कोनी काढतच नव्हतं. पन काल संध्याकाळी कोनंतरी हातानं काढला.”

“मग झालं की! त्यातून परत आणा,” देवमनकाका एकदम म्हणाले, आणि आपण फार मोठ्याने बोललो असं वाटून ओशाळले.

“त्याचं वजन, म्हंजे त्यानं अडवलेली जागा, शून्य हाये, काका. रिकामा फोटो. चोरानं पयले पुसलं, मंग कोऱ्या डिस्कचा फोटो काढला. आमाले चिडवाले.”

संगीता पडद्याजवळ वाकली. “आज सकाळच्या हिशोबाच्या स्नॅपशॉटचं वजन किती?”

“आता धरलं थोडं. सकाळी काढला तवा तोबी शून्यच होता. लोकं दिवसभर नोंदी बदलवते, तसतसं वजन वाढते.”

“हिशोबाचा कप्पा भरलेला असेल ना?”

“गच्च.”

“बरं. या पेटीचा पासवर्ड कोणाकडे आहे?”

“माह्याजवळ, राजूभाऊजवळ अन् वैष्णवीताईजवळ.” हरीओमने कपाळ पुसलं. “सापडन ना, बाई? नाई तर माही नोकरी गेली.”

राजू कंपनीचा मॅनेजर. त्याने चहा मागवला आणि स्वतःच दोन कप प्यायला.

“लपवत नाही, बाई. नोंदणी कंपनीच्या नावाने करा म्हणून मी भांडलो होतो. शालिग्रामकाकांनी मला सगळ्यांसमोर दलाल म्हटलं.”

“राग आला असेल.”

“आला ना! आठ दिवस बोललो नाही. पण पुरावाच गेला तर कंपनीला काय शेंगांची टरफलं मिळणार? सापडेल ना हो?”

बाहेर आल्यावर देवमनकाका हळूच म्हणाले, “इथेच पाणी मुरतंय. मला तरी राजू वाटतो. अर्थात, माझं चुकतच असेल.”

“बघू, काका.”

वैष्णवी शालिग्राम यांची सून. झाडांची मापं आणि फोटो कॉम्प्युटरवर चढवायचं काम तिचं. तिने प्रश्नांची उत्तरं नीट दिली. काल संध्याकाळपर्यंत सगळं जागच्या जागी होतं. मग ती घरी गेली.

“एक विचारू?” शेवटी ती म्हणाली. “समिती उद्या तशीच परत गेली, तर पुढची तारीख मिळते ना?”

“मिळत असावी,” संगीता म्हणाली.

तिथून ते शालिग्राम यांच्या घरी गेले. ओसरीवर त्यांची बायको पंचफुला सुपात तूर घेऊन बसली होती. संगीताने वाणाचं बी पाहायला मागितलं. पंचफुलाने राख घातलेलं मडकं पुढे ओढलं. आधी मूठभर बी काढून शेजारच्या वाडग्यात ठेवलं, वर झाकण घातलं, आणि मग पाहुण्यांसाठी ओंजळ भरली.

“हे बाजूला कशाला?” देवमनकाकांनी विचारलं.

“हात घालाच्या आंधी मूठभर राखून ठेवाचं. सांडलं, भिजलं, उंदरानं खाल्लं, तरी पुन्हा पेरता येते.” ती हसली. “सून आली तवा तिलेबी पयलं हेच शिकवलं. पोरगी कायचंबी काम करू दे, हे काही इसरत नाई.”

“झाड कोणतं राखायचं, ते कसं ओळखता?” संगीताने तिला विचारलं.

“नजर पायजे, बाई,” शालिग्राम मध्येच म्हणाले. “माही नजर बसली आता.”

पंचफुला पुन्हा सूप हलवू लागली. संगीताने एकदा तिच्याकडे, एकदा शालिग्राम यांच्याकडे पाहिलं. “चला, सगळेच कचेरीत चला. पंचफुलाबाई, तुम्हीही.”

दिवे लागायच्या वेळी सगळे कचेरीत जमले. देवमनकाका दाराजवळच्या स्टुलावर टेकले.

“तूर चोरीला गेलेली नाही,” संगीता म्हणाली. “ती या पेटीतच आहे.”

“पन स्नॅपशॉट शून्य—” हरीओम म्हणाला.

“तिथेच तुमची गफलत झाली. स्नॅपशॉट म्हणजे नक्कल असं तुम्ही धरून चाललात. नक्कल असती, तर गच्च भरलेल्या हिशोबाचा स्नॅपशॉट जन्मतःच जड असता. तोही शून्यच असतो, हे तुम्हीच सांगितलंत. म्हणजे फोटो काढताना काहीच उचलून ठेवलं जात नाही. ‘आत्ता जे आहे ते जपायचं’ एवढीच खूण होते. नंतर मूळ कप्प्यात कोणी काही पुसलं किंवा बदललं, तर जुनं तेवढं बाजूला राखलं जातं. वजन येतं ते त्याचं.”

हरीओमने पडद्यावरचं शून्य पुन्हा निरखलं.

“आता तुरीचा स्नॅपशॉट. कोऱ्या भिंतीचा फोटो कोणी काढत नाही, म्हणजे तो डिस्क कोरी दिसण्याआधीचा. कालपासून त्याचं वजन शून्य. त्यानंतर एक फाइल जरी पुसली असती, तरी त्याने थोडं वजन धरलं असतं. म्हणजे काहीही पुसलेलं नाही. खरा कप्पा सर्व्हरपासून सोडवला आणि त्याच नावाचा कोरा कप्पा जोडला, एवढंच झालं. हरीओम, तो स्नॅपशॉट उघडा.”

हरीओमने कळा दाबल्या. पडद्यावर हिरवी शेतं भराभरा उलगडली. शालिग्राम यांनी हात जोडले. “सापडली रे बापा!”

“मग हे केलं कोणी?” राजूने विचारलं.

“ज्याला पुरावा नष्ट करायचा आहे, तो आधी तो जपायची सोय करत नाही. राजूभाऊंना सूड घ्यायचा असता, तर त्यांनी सरळ पुसून टाकलं असतं. हरीओमला शून्य म्हणजे रिकामं वाटतं. जपायचं म्हणून त्याने तो काढला असता, तर शून्य पाहून तो तिथेच थांबला असता. हे काम अशा माणसाचं, ज्याला लपवायचं होतं, पण एक दाणाही सांडायची भीती होती. कशालाही हात घालायच्या आधी मूठभर राखायची ज्याच्या हाताला सवय आहे. दोघांनी मला ‘सापडेल ना’ विचारलं. एकीने पुढची तारीख विचारली. कारण हरवलेलं काही नाही, हे तिला माहीत होतं.”

वैष्णवी उठून उभी राहिली. “मीच केलं.”

“सूनबाई!” शालिग्राम ओरडले. “घरचीच उलटली? काहून?”

“मामाजी, फोटो पाहा ना एकदा.”

हरीओमने एकेक फोटो मोठा केला. वाळलेल्या रानात हिरव्या झाडाला चिंधी बांधणारी पंचफुला. शेंगा वेगळ्या काढणारी पंचफुला. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, वाकलेली, बसलेली, उन्हात डोळ्यांवर हात धरलेली पंचफुलाच.

“सगळे फोटो तुम्ही काढले. म्हणून तर तुम्ही एकातही नाही,” वैष्णवी म्हणाली. “झाडं मामीजींनी निवडली. अर्जावर त्यांचं नाव नाही. मी दोनदा बोलले, तुम्ही हसण्यावारी नेलं. उद्या शिक्का बसला असता, तर झालंच होतं. मला थोडा वेळ हवा होता.”

“जमीन माही हाये! पानी मी देल्लं, राखन मी केली!” शालिग्राम म्हणाले. पण पडद्यावरून नजर काही हलली नाही. मग ते पुटपुटले, “चिंधी बांधतानी तिले म्या कधी इचारलंच नाई, हेच झाड काहून म्हनून.”

देवमनकाकांना वाटलं, आता पंचफुला सुनेला जवळ घेईल. पण तिची मुद्रा वेगळीच होती.

“अन् तू, पोरी?” ती वैष्णवीला म्हणाली. “माह्यासाठी एवढी चोरी केली. मले इचारलं होतं का, तुले नाव पायजे का म्हनून?”

वैष्णवी पुन्हा खुर्चीत बसली.

“याहीनं नाई इचारलं, तूनं नाई इचारलं. ह्या बाईनं इचारलं, तं हेच मंधात बोलले. अन् मंग कोनं पुन्हा इचारलं नाई.”

देवमनकाकांना आपल्याच कानशिलावर कोणी टपली मारल्यासारखं झालं. त्या ओसरीवर तेही होतेच की.

संगीता म्हणाली, “चुकलं, पंचफुलाबाई. आता विचारते. तुम्हाला काय हवं आहे?”

पंचफुलाने पदर सारखा केला. घाई केली नाही.

“उद्या मी बोलतो समितीसंग. झाड कसं ओळखाचं, ते मले माहीत हाये, मीच सांगन. अर्जावर नाव माहं टाका.” तिने शालिग्राम यांच्याकडे बोट केलं. “अन् याहीचंबी टाका. पानी त्याहीनंच देल्लं, ते काही खोटं नाई. त्याहीचं खाली टाका.”

“खाली?” शालिग्राम म्हणाले.

“खाली,” पंचफुला म्हणाली, आणि हरीओमच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. “चाल बापू, कोनता फोटो कोनत्या सालचा, ते लिव मी सांगतो तसं.”