आबांच्या नावाची चिठ्ठी

पडद्यावर आबांच्या मेंदूतली रक्ताची गुठळी स्पष्ट दिसत होती. ती ओढून काढायची तारही दवाखान्यात तयार होती. मग काढत का नव्हते? तेजलला हे कोडं उलगडेना आणि रडू आवरेना.

सन २०४३. जळगावात पारा सत्तेचाळीसवर. ठिबक सिंचनाच्या संशोधनात जन्म घालवलेल्या तिच्या आबांचा उजवा हात सकाळी जड झाला, जीभ अडखळू लागली. घरच्यांना वाटलं, ऊन लागलं. तेजल त्यांच्या तळपायाला कांदा चोळत बसली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! दोन तास त्यातच गेले.

"माझ्यामुळे झालं ना?" तिने यंत्रवैद्य धन्वाला विचारलं.

"झटका (मेंदूचा रक्तपुरवठा अडणं) तुझ्यामुळे नाही. उशीर मात्र झाला." गोड खोटं बोलायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"मग तार घाला!"

"झटका सौम्य आहे. आबा बोलतात, हात थोडा उचलतात. तारेने रक्तवाहिनी (रक्ताची नळी) फाटली, तर आहे तेही जाईल."

"तेजू," आबा अडखळत म्हणाले, "ठिबकची तोटी तुंबली... तर सुई घालतो आपण?"

"नाही. भोक फाटतं. आम्ल सोडून क्षार विरघळवतो."

"आणि नाही विरघळले, तर... झाड वाळतं."

तेजल धन्वाकडे वळली. "मग चांगलं काय?"

"सौम्य झटक्यात अजून पक्कं ठाऊक नाही," धन्वा म्हणाला. "म्हणून तुलना चालू आहे. अर्ध्या रुग्णांना फक्त औषध, अर्ध्यांना औषध आणि तार. कुणाला काय, ते संगणक चिठ्ठी टाकून ठरवतो. तीन महिन्यांनी दोन्हीकडचे किती जण चालतात-बोलतात, ते मोजायचं."

"आबांची चिठ्ठी टाकणार?" ती किंचाळलीच.

"डॉक्टरांनी निवडलं, तर जास्त आजारी माणसांना तार मिळेल आणि तुलना फसेल. अर्थात आबांनी हो म्हटलं तरच. आणि तब्येत बिघडली, तर चिठ्ठी बाजूला ठेवून तार घालू."

आबांनी आयुष्यभर अर्ध्या वावरात एक उपाय, अर्ध्यात दुसरा, असंच केलं होतं. त्यांनी डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली.

चिठ्ठी निघाली: फक्त औषध.

सलाइनमधून औषध सुरू झालं. तासाभराने हात होता तसाच होता.

"बरे होतील ना?"

"मला माहीत नाही," धन्वा म्हणाला. "पण पुढे कुणी मुलगी हेच विचारेल, तेव्हा तिला मी नक्की सांगू शकेन."

तेजलला सगळं समजलं, पटलंही. पण तिला ती पुढची मुलगी व्हायचं होतं.