पाचपट उजेड आणि आबांचा पाय

जास्त उजेड पडला की जास्त दिसतं, की कमी?

"हा काय प्रश्न झाला?" असं तुम्ही म्हणाल. मागच्या श्रावणापर्यंत मीही तेच म्हटलं असतं, वर विचारणाऱ्याला वेड्यात काढलं असतं. आता मात्र हा प्रश्न नुसता आठवला तरी काळजात धस्स होतं. का, ते सांगते.

मी कस्तुरी, इयत्ता सातवी. आमचं गाव वाघजाई घाटाच्या माथ्यावर. आई जनावरांची डॉक्टर आहे. सन २०५१ उजाडलं, गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या, पण घाटात धुकं उतरलं की त्या अतिशहाण्या गाड्या जागच्या जागी थांबतात आणि गोड आवाजात म्हणतात, "पुढचा रस्ता दिसत नाही, क्षमस्व." आता मला सांगा, अडलेल्या गाईला क्षमस्व सांगून चालेल का? म्हणून आई हाताने चालवायची जुनी गाडी वापरते. चौतीस वर्षांची! इंजिन काढून बॅटरी बसवलेली, पण पुढचे दिवे मूळचेच, पिवळट आणि मिणमिणते.

एका संध्याकाळी आई घरी आली ती पांढरीफटक पडून. "कडेचा दगड दिसलाच नाही गं, चाक घासून गेलं," एवढंच बोलली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तेव्हाच मी ठरवलं, आईला उजेड मिळालाच पाहिजे.

चाक दुरुस्त करायला गाडी दुसऱ्या दिवशी गावातल्या गॅरेजात होती. तिथे पक्कडराव असतो. पक्कडराव म्हणजे यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). चार हात आणि चारही हातांत हत्यारं. शाळा सुटल्यावर मी थेट त्याच्याकडे गेले.

"पक्कडराव, या गाडीत बसेल असा सगळ्यात जास्त उजेडाचा बल्ब कोणता?"

"ज्वालामुखी, ताई. पाचपट उजेड. याच खाचेत बसतो."

"मग बसव की! वाट कसली बघतोस?"

त्याने जुना बल्ब काढून माझ्या हातात दिला. त्याचं टोक काळं होतं.

"शी! जळलाय हा."

"जळलेला नाही. काळा रंग दिलेला आहे."

"हां, तीट असेल मग. नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून कुणीतरी लावली असणार. आमच्याकडे लावतातच."

तीट हा विषय पक्कडरावाच्या माहितीत नव्हता. ज्वालामुखीला असं काळं टोक नव्हतं, म्हणून मीच घरून काजळ आणलं आणि बंपरला एक ठसठशीत तीट लावून टाकली. शास्त्र ते शास्त्र!

दिवेलागणीला आईला फोन आला, खडपीवाडीची गाय अस्वस्थ आहे. आई मला घेऊन निघाली. गॅरेजच्या दारात तिने दिवे लावले आणि ओरडलीच, "अगंबाई, ही तर दिवाळी!" मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले.

दोन वळणं झकास गेली. तिसऱ्या वळणावर धुकं आलं आणि आमच्यापुढे एक पांढरी भिंत उभी राहिली. रस्ता गेला, दगड गेले, सगळंच गेलं.

"आई, दिवे आणखी मोठे कर ना!"

तिने केले. भिंत आणखी पांढरी झाली. "कस्तू, मला काहीच दिसत नाहीये," म्हणत आईने करकचून ब्रेक दाबला. तेवढ्यात वाऱ्याने धुकं जरा बाजूला सारलं.

समोर, अगदी चार पावलांवर, आबा उभे होते. माझे आजोबा, आईचे वडील. रोजच्यासारखे फिरून परतत होते. दोन्ही हातांनी डोळे झाकलेले, काठी गळून पडलेली. एक पाय रस्त्यावर आणि दुसरा दरीच्या बाजूला, हवेत चाचपडत!

"आबा, हलू नका!" आईने दिवे विझवले, उडी मारली आणि त्यांना दंडाला धरून आत ओढलं. आबा मटकन रस्त्यावरच बसले.

"कुठल्या शहाण्याची गाडी ही?" ते पुटपुटले. "अजून जांभळे ठिपकेच दिसतायत मला."

"आपलीच आहे, आबा," आई म्हणाली.

आईला वाचवायला गेले आणि आबांनाच... कसंबसं म्हटलं, "बल्ब मी निवडला, आबा."

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. सुदैवाने गाईचा निरोप आला, व्यायला अजून अवकाश आहे, उद्या या. आई पुढचे बारके दिवे लावून, मुंगीच्या पावलांनी आम्हाला घरी घेऊन आली.

आबांची उभी हयात दुर्बिणींचे आरसे घासण्यात गेलेली. सकाळी ते मला गॅरेजात घेऊन गेले. पक्कडरावाला त्यांनी गाडी भिंतीपासून दहा पावलांवर उभी करायला लावली आणि भिंतीवर दिव्याच्या उंचीला खडूने आडवी रेघ मारली.

"आता लाव तुझा ज्वालामुखी."

मी लावला. उजेड रेघ ओलांडून पार कौलांपर्यंत गेला.

"जवळचा रस्ता दाखवणाऱ्या दिव्याचा उजेड या रेघेच्या खाली राहायला हवा," आबा म्हणाले. "वर गेलेला उजेड रस्त्याचा नाही, समोरच्याच्या डोळ्यांचा."

"पण बल्ब तर बरोबर बसलाय!"

"खाचेत बसला गं, आरशात नाही बसला. हे बघ, दिव्याच्या आत वाटीसारखा परावर्तक (उजेड परत फिरवणारा आरसा) असतो. त्याला एक नाभी असते (आरशासमोरची ठरलेली जागा, जिथला उजेड सरळ झोतात निघतो). जुन्या बल्बची तापणारी तार त्या नाभीच्या हिशेबानेच बसवलेली. तुझ्या बल्बमध्ये तारेच्या जागी दोन बाजूंना उजेड देणाऱ्या जाड पट्ट्या. उजेडाची जागा हलली की झोत विस्कटलाच."

"आणि ते काळं टोक?"

"बल्बमधून थेट पुढे जाणारा उजेड अडवायला. आधी आरशावर जा, मगच बाहेर पड, असं सांगतं ते."

मी बंपरवरच्या तिटेकडे बघितलंच नाही. लाजेने कान तापले होते.

"पण धुक्यात भिंत कशी आली, आबा?"

"धुकं म्हणजे पाण्याचे इवलेसे थेंब. उजेड त्यांच्यावर पडला की चहूकडे फेकला जातो. याला म्हणतात विकिरण. वर गेलेला तुझा पाचपट उजेड पाचपट होऊन आईच्याच डोळ्यांत परत आला. मग तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या (बुबुळांमधली उजेड आत घेणारी भोकं) आक्रसल्या. म्हणजे रस्त्यावरून येणारा थोडा उजेडही बाहेरच राहिला."

"म्हणजे मी तिचे डोळेच मिटले!"

"तिचे अर्धे," आबा शांतपणे म्हणाले, "माझे पूर्ण."

मला रडू फुटलं. आबांनी रडू दिलं आणि मग हातात पॉलिशचं फडकं दिलं. दिव्यांचं बाहेरचं प्लॅस्टिक इतक्या वर्षांच्या उन्हाने पिवळं पडलं होतं, निम्मा उजेड तिथेच अडत होता. ते मी दुपारपर्यंत घासलं. पक्कडरावाने गंजलेल्या तारा बदलल्या, त्यामुळे बल्बला विजेचा पुरा दाब (वीज पुढे ढकलणारं बळ) मिळाला. मग जुन्याच जातीचा, काळ्या टोकाचा नवा बल्ब बसवला. भिंतीवर उजेड रेघेखाली राहिला, फक्त डाव्या कडेला थोडा वर चढलेला, रस्त्याची कड दिसावी म्हणून.

"धुक्याच्या थेंबांना चुकवून जाणारा उजेड अजून कुणाला जमलेला नाही," हात पुसत आबा म्हणाले. "तुझ्या पिढीसाठी ठेवलाय."

संध्याकाळी धुकं कालच्याइतकंच दाट. आईला खडपीवाडीला जाणं भागच होतं. मी म्हटलं, "मी गाडीत बसणार नाही. काल आबा होते तिथे उभी राहणार. मला समोरून बघायचंय."

"अजिबात नाही!" आई कडाडली.

"राहू दे, मी धरतो तिला," आबा म्हणाले.

आम्ही आधीच चालत जाऊन तिथे उभे राहिलो. आबांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. वळणावरून गाडी आली, अगदी सावकाश. उजेड रस्त्यावरच पसरला होता. मला डोळे झाकावे लागले नाहीत. काचेमागचा आईचा चेहरा दिसला, तिने आम्हाला पाहून हात हलवला, तोही दिसला. मग उजेड डाव्या कडेवर सरकला आणि मी खाली बघितलं.

माझ्या चपलेपासून एका वितीवर रस्ता संपत होता. मला वाटलं होतं पुढे गवताचा उतार असेल. उतार नव्हताच. खूप खोलवर झाडांचे नुसते शेंडे होते.

"आबा," मी विचारलं, "इतकं जवळ होतं?"

आबांची पकड आणखी घट्ट झाली.

"मलाही आत्ताच दिसतंय, पोरी," ते म्हणाले.