काजळ लावलेली वाटी

दार उघडलं आणि मला आधी त्याचे पायच दिसले. चपला हातात, पँट घोट्यापर्यंत दुमडलेली. मग वर बघितलं. चेहरा... बरा होता. बराच बरा!

"रुक्मिणीबाई इथंच राहतात ना? ते काशाच्या वाटीचं..."

चौऱ्याऐंशी साल. मुलुंडच्या आमच्या चाळीत माझी आत्या लोकांचे तळपाय काशाच्या वाटीनं घासून द्यायची. तळव्याला तूप चोळायचं, वाटी फिरवायची. अंगातली उष्णता उतरते तसं तूप काळं पडतं आणि डोळ्यांची आग थांबते, असं सगळे म्हणायचे. पण आत्या न्हाणीघरात घसरली, उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, आणि वाटी माझ्या हातात आली.

"वाटी लागांदे, बोट लावू नको हां गो!" आत्यानं कॉटवरून बजावलं.

त्याचं नाव विद्याधर. मावशीकडे राहायचा, भांडुपच्या कारखान्यात दिवसभर ड्रॉइंगा काढून डोळे लालभडक. पाय पुढे करायला असा लाजला!

"तुम्ही माझ्या पायांना... बरं नाही वाटत हो."

"मग काय कान घासू?"

हसला. वाटी टेकली तशी गुदगुल्यांनी उडालाच.

"हलू नका. बोट लागेल."

"असं? मग हलतोच!"

मेला! पण दिवसभर तेच आठवून मी हसत होते.

आत्याचा हिशेब सरळ होता. सात-आठ दिवसांत तूप पिवळंच राहायला लागतं, मग माणसानं यायचं बंद करायचं. सातव्या दिवशी सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. उद्यापासून हा येणार नाही... तूप फिकट दिसलं आणि मी गुपचूप डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं, वाटीला पुसलं.

"बापरे! किती उष्णता रे तुझ्यात!" एव्हाना आम्ही अरे-तुरेवर आलो होतो.

"हो ना... म्हणजे उद्या यावंच लागणार."

असे आणखी दोन आठवडे गेले. मग आत्याचं प्लास्टर निघालं.

"बघूया गो, ह्याची उष्णता आसा तरी कसली," म्हणत आत्या स्वतःच वाटी घेऊन बसली. फिरवली, फिरवली... तूप पिवळंधम्मक! माझी तर वाटच लागली. आत्यानं माझ्या डोळ्यांकडे बघितलं.

"सुगंधा, काय घालीत होतंस गो ह्यात?"

"आत्या, तिला ओरडू नका," विद्याधर म्हणाला. "मला ठाऊक होतं. तळव्यावरचा उष्णतेचा काळा डाग बेसनानं जातो. काजळ नाही जात... मावशी घासून घासून दमली."

"आणि तरी येत होतास?" मला राहवलं नाही.

"रोज भीत भीत यायचो गं. वाटायचं, आज तू काजळ घातलंच नाहीस तर..."

माझे डोळे भरले.

"मेल्या," आत्या कडाडली, "मगे पाय कित्याक पुढे करतंस? आवशी-बापाशीक घेवन ये!"

वाटी अजून आहे, काठाला झिजलीय. माझे गुडघे दुखतात म्हणून आता तोच माझे तळपाय घासतो, आणि बोटं खुशाल लावतो. काल तूप पिवळंच राहिलं.

"झालं, उतरली उष्णता. उद्यापासून बंद," तो म्हणाला.

मी फडताळातली काजळाची डबी काढली आणि त्याच्यापुढे सरकवली.