बंबाच्या भुवया

अग्निशमन केंद्राच्या आवारात बंब धुणं चाललं होतं. मी पायरीवर बसून त्याचं चित्र काढत होते आणि शेजारी एक अनोळखी माणूस नुसताच बसला होता. पाण्याचे तुषार दोघांच्याही अंगावर येत होते. उठत मात्र कोणीच नव्हतं.

“लहान मुलांचं पुस्तक?” त्याने विचारलं.

“हो. मदतीला धावणाऱ्या गाड्या. नुकतं वाचायला लागलेल्यांसाठी.” मला गाऱ्हाणं ऐकायला कोणीतरी हवंच होतं. “चित्रं मी मरमरून काढायची, आणि लेखकमहाशय पानभर काय लिहितात? ‘बंब आला.’ संपलं! एवढं तर मी झोपेतही लिहीन.”

“आळशीच दिसतोय,” तो गंभीरपणे म्हणाला. “पण त्या वयाला जोडाक्षर चालत नाही ना... ट्रक बाद, क्रेन बाद. बिचारा त्या ‘बंब’वर येईपर्यंत रडकुंडीला आला होता.”

“तुम्हाला कसं माहीत?”

त्याने दोन्ही कान पकडले. “तो आळशी मीच. दुसरं वाक्य सुचतंय का, ते बघायला आलोय.”

मला कुठे तोंड लपवू असं झालं. तो मात्र हसला, आणि हसताना त्याची दाट डावी भुवई अशी काही वर चढली... की मी बंब अर्धाच सोडून घरी आले.

मग प्रकाशकांच्या मागच्या खोलीत आम्ही एकाच टेबलावर काम करू लागलो. तो वाक्य मोठ्याने वाचायचा, मी गाडी काढायची. रंग नीट दिसत नाही म्हणत तो खुर्ची माझ्या बाजूला ओढायचा. रंग तिथूनही तसाच दिसायचा, पण मी कशाला सांगू? तो शब्द शोधत खिडकीबाहेर बघायला लागला, की मी त्याच्याकडे बघून घ्यायचे.

पुस्तक संपत आलं तशी माझी झोप उडाली. ते छापायला गेलं की भेटायला निमित्तच उरणार नव्हतं. मी मुद्दाम एकेक चाक दोनदा रंगवत बसायचे.

शेवटच्या दिवशी संपादक मावशींनी सगळी पानं टेबलावर मांडली.

“अगं, बंब, पोलीसगाडी, टँकर, कचरागाडी... सगळ्यांच्या दिव्यांवर एकाच माणसाच्या भुवया? आणि डावी चढलेली?”

त्यांनी मान वर केली. समोर तो उभा होता, डावी भुवई चढवून.

“अस्सं,” मावशी म्हणाल्या. “मी जरा चहाचं बघते.” आणि दार ओढून गेल्यासुद्धा.

माझे कान तापले. मी खोडरबर उचललं. “आत्ता बदलते.”

“राहू द्या ना. चोरून बघून काढल्यात, तरी बऱ्या जमल्यात.”

“चोरून बघत होते, हे तुम्हाला कसं कळलं?”

“मीही तेच करत होतो ना...”

आता गप्प बसले असते तर जन्मभर स्वतःला दोष दिला असता. “मला तुम्ही आवडता,” मी एका दमात म्हणून टाकलं. “हे पुस्तक गेलं, की मी बघू कोणाकडे?”

“माझ्याकडेच. पण समोरून.” त्याने स्टूल ओढलं आणि अगदी माझ्यासमोर बसला. “कधीपासून सांगेन म्हणतोय. रोज धीर सुटायचा.”

मी कोरा कागद घेतला. पण तो इतका हसत होता, की भुवया जागेवर राहीनात.

“हलू नका ना!”

“‘तू’ म्हण. मग नाही हलणार.”

“...हलू नकोस.”

तो खरंच हलला नाही. मी डाव्या भुवईपासून सुरुवात केली.