बिस्किटाच्या डब्यातल्या बांगड्या

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबलं तरी माझी हरकत नाही.

माझी थोरली मावशी खोटं बोलत नाही. हां, खोटे दागिने मात्र करते. तोच तिचा धंदा. पण हे जे घडलं ते तिने मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना हातातली पक्कड खाली ठेवली. मावशीने बोलण्यासाठी काम थांबवलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

जागा म्हणजे मावशीचं घर. खाली दुकान, दुकानामागे कामाची खोली, वर राहायच्या दोन खोल्या, आणि खालून वर जाणारा लाकडी जिना.

वेळ संध्याकाळची. दिवा लावावा की अजून थोडं थांबावं, अशी.

त्या घरात तेव्हा दोघी बहिणी राहायच्या. थोरली ही, आणि धाकटी म्हणजे माझी भिंगरी मावशी. तिच्या पायाला भिंगरी होती म्हणून ते नाव पडलं. शाळांच्या प्रयोगशाळांना काचसामान विकायचं तिचं काम होतं, त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस ती कुठल्या तरी बसमध्येच असायची.

माझी आजी जाताना आपल्या दोन सोन्याच्या बांगड्या भिंगरीला देऊन गेली होती. त्यांच्यावर पानांची नक्षी होती. एका बांगडीला पोचा होता. आजीने ती कधी तरी नळाच्या तोटीवर आपटली होती, तेव्हाचा.

आणि थोरलीचा नियम असा, की प्रवासात खरं सोनं घालायचं नाही. गिऱ्हाइकांनाही ती हेच सांगायची. लोक आपला खरा दागिना आणून द्यायचे. त्याचा साचा काढायचा, साच्यात पितळ ओतायचं, वरून सोन्याचं पाणी चढवायचं. साचा एवढा इमानदार, की खऱ्यावर ओरखडा असेल तर तो खोट्यावरही उतरतो.

आजीच्या बांगड्यांचा जोडही तिने असाच केला. पोच्यासकट. घरात खरं-खोटं एकमेकांत मिसळू नये म्हणून खोट्या जोडाला आतून कानशीने एक बारीक खाच मारली.

वरच्या खोलीच्या दारातून आत आलं की चपलांचं कपाट होतं. त्यात एक जुना बिस्किटाचा डबा. भिंगरी निघताना खऱ्या बांगड्या त्या डब्यात ठेवायची आणि खोट्या हातात चढवायची. परत आली की पाणीसुद्धा न पिता आधी बदलायची. सोनं चपलांच्या कपाटात असेल हे चोराच्या बापालाही सुचलं नसतं.

बदलून झालं, डब्याचं झाकण लागलं, की भिंगरी घरी आली असं समजायचं.

शेवटच्या दिवशी सकाळी ती डबा हातात घेऊन उभीच राहिली.

"ताई, आज खऱ्याच घालून जाते ना."

"प्रवासात? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"त्या हातात असल्या की आई बरोबर आहे असं वाटतं. ह्यांचा नुसता खुळखुळाट! मी आले हे लोकांना गल्लीच्या तोंडाशीच कळतं."

"कळू दे. उद्या कुणी हिसकावल्या तर ह्या हसत देशील. त्या द्यायच्या नाहीत म्हणून जीव देशील. ओळखते मी तुला."

"आणि मेलेच तर? खोट्याच घालून जाऊ?"

"जिभेला काही हाड? जा, बस चुकेल."

भिंगरी हसली. खऱ्या डब्यात पडल्या, खोट्या हातात चढल्या. खुळखुळ करत ती जिना उतरली.

बस पुलाचा कठडा तोडून नदीत गेली.

मावशीला रुग्णालयातून बोलावणं आलं. शवागारातला माणूस भला होता. तो म्हणाला, "चेहरा बघू नका, बाई. हात दाखवतो."

चादरीखालून एक हात बाहेर आला. फुगलेला. त्यात दोन बांगड्या... पानांची नक्षी... आणि एकीला पोचा.

मावशीने पोच्यावरून बोट फिरवलं. "हीच," ती म्हणाली.

बांगडी काढून आतली खाच बघावी असं तिच्या मनात आलं होतं. पण हात सुजलेला होता, बांगडी जागची हलेना. "राहू द्या," असं ती म्हणाली आणि त्यांनी दिलेल्या कागदावर सही केली.

अंत्यसंस्कार झाले. लोक आले, बसले, गेले.

मावशीला रडू आलं नाही. आत काही हललंच नाही. ती सकाळी दुकान उघडायची, साचे काढायची, पितळ ओतायची. कुणी काही विचारलं तर बरोबर उत्तर द्यायची. जेवायची, पण काय जेवली हे तिला सांगता आलं नसतं. माझ्या आईने फोनवर विचारलं, "कशी आहेस गं?" तर म्हणाली, "इकडे ऊन आहे."

डबा तिने उघडला नव्हता. आत खऱ्या बांगड्या आहेत, एवढं तिला ठाऊक होतं.

मग एका संध्याकाळी...

जिन्यावर खुळखुळ झाली.

पितळेचाच आवाज. त्यात चूक होणं शक्य नव्हतं, तिच्याच हातचं काम होतं ते. आवाज एक एक पायरी वर आला. दारापाशी थांबला.

मावशी वरच्या खोलीत बसली होती. उठली, दार उघडलं.

जिना रिकामा होता.

तिने दार लावलं आणि भाताखालचा गॅस बंद केला. "घाबरली नाहीस?" मी विचारलं. तर म्हणाली, "घाबरायला तरी अंगात जीव लागतो रे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती उठलीही नाही. रोज ती वेळ झाली की खुळखुळ वर यायची, दारापाशी थांबायची, आणि मग नुसती शांतता. परत उतरल्याचा आवाज कधीच यायचा नाही.

मावशीला त्याची सवय झाली. आवाज येऊन थांबला की ती दिवा लावायची.

मग एकदा आवाज दारापाशी थांबला नाही.

दाराला आतून कडी होती. मावशीच्या डोळ्यांसमोर होती ती कडी, सरळ, घट्ट लागलेली. आणि खुळखुळ आत आली. चपलांच्या कपाटापाशी गेली.

कपाट कुरकुरलं...

डब्याचं झाकण निघालं...

बराच वेळ काहीच नाही.

मग झाकण लागल्याचा आवाज. आणि मग कुणीतरी जिना उतरायला लागलं. आता खुळखुळ नव्हती. जड, बसका आवाज होता. सोनं सोन्यावर टेकतं तसा.

तो आवाज मावशीने लहानपणापासून ऐकला होता. आजी स्वयंपाकघरात वावरताना हाच आवाज यायचा. पितळेला तो कधी आणता आला नाही, अशी मावशीची जन्माची तक्रार होती.

आवाज खाली गेला. मग गल्लीत गेला. मग ऐकू येईनासा झाला.

मावशीने दिवा लावला. कपाट उघडलं. डबा काढला.

आत दोन बांगड्या होत्या. पण उचलल्या तर हाताला हलक्या लागल्या.

पानांच्या नक्षीत गाळ होता. ओला.

तिने एक बांगडी उजेडात धरली आणि आतून पाहिली. खाच होती. दुसरीलाही होती.

म्हणजे ह्या भिंगरीच्या. घरातून जाताना तिच्या हातात होत्या त्याच. पण चितेवर गेलेल्या बांगड्यांना ओला गाळ कुठून लागणार?

मग तो हात? ज्याच्याकडे बघून आपण "हीच" म्हणालो, तो कुणाचा?

तेव्हा तिला आठवलं. तो साचा तिने मोडला नव्हता. त्यातून आणखी एक जोड काढून दुकानातल्या काचेच्या कपाटात नमुना म्हणून ठेवला होता. पोच्यासकट. त्याला आतून खाच नव्हती, कारण तो घरात राहणार नव्हता. खुणेसाठी खाच, आणि ओळखायच्या वेळी तिने बघितला पोचा.

तो जोड एका नर्सबाईने नेला होता. रोज बसने कामाला जाणारी, हसऱ्या तोंडाची बाई.

"प्रवासात घालायला घेताय ना?" मावशीने तेव्हा विचारलं होतं. "खरं घरी नीट ठेवा मग."

"खरं कुठलं आलंय मावशी आमच्याकडे! मला हेच खरं," असं म्हणून तिने दुकानातच बांगड्या हातात चढवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दुकानाचं दार उघडायला खाली आली, तर पायरीवर एक माणूस बसलेला. लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवणारा, डोळे तारवटलेले. नर्सबाईचा नवरा. कालच परत आला होता आणि घराला कुलूप दिसलं होतं. तिच्या कामावरच्यांना वाटलं ती घरी असेल, शेजाऱ्यांना वाटलं ती कामावरच राहिली असेल. आता तो ती जायची त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन विचारत होता.

त्याने फोनवरचा फोटो दाखवला. त्याच्या खांद्यावर तिचा हात होता. हातात बांगड्या. पोचासुद्धा दिसत होता.

"तुमच्याकडूनच घेतल्या होत्या तिने," तो म्हणाला. "तुम्हाला काही माहीत आहे का?"

मावशीने पिशवीत डब्यातल्या बांगड्या टाकल्या. दुकान उघडलंच नाही.

"चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "तिथे सांगते."

शवागारात तोच माणूस होता. मावशीने विचारलं, त्या बसमधली आणखी कुणी बाई आहे का?

"आहे एक," तो म्हणाला. "उशिरा सापडली, खूप खाली, गाळात रुतलेली. अजून कुणीच विचारायला आलं नाही. अंगावर काही खूण नाही. हातात दोन बांगड्या आहेत, पण त्या पितळेच्या. तशा बाजारात पैशाला पासरी मिळतात म्हणून कुणी लक्ष दिलं नाही."

त्याने कप्पा ओढला. चादर बाजूला केली.

आणि तो खाली वाकला.

"काल मीच..." तो म्हणाला. "काल ह्या काळ्या पडलेल्या होत्या."

त्या पिवळ्याधमक होत्या. गाळाचा एक कण नव्हता त्यांच्यावर.

मावशीने हात लावला. जड होत्या. पोच्याच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. आजीच्या मनगटावर झिजलेल्या. साचा ओरखडा उतरवतो, पण ही झीज त्याला कधी जमत नाही.

बांगड्या चपलांच्या कपाटातून तिथवर कशा गेल्या हे कुणालाही सांगता आलं नाही. कुणी विचारलंही नाही.

"माझी बहीण," मावशी म्हणाली. "मी हिला खऱ्या घालू देत नव्हते." आणि तिथेच, त्या थंड फरशीवर बसून ती पहिल्यांदा रडली. तेवढंच.

मग तिने नर्सबाईच्या नवऱ्याला सगळं सांगितलं. आपण कुणाला शेवटचा निरोप दिला ते. तो चिडला नाही. बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. मग म्हणाला, "माणसं आली होती का पण? एकटी नव्हती ना ती?"

"आली होती," मावशी म्हणाली. "खूप आली होती."

भिंगरी मावशी सोन्याच्या बांगड्या घालूनच गेली. नातेवाइकांनी कुजबुज केली, सोनं असं कुणी सोडतं का म्हणून. मावशीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खाचेचा जोड तिने वितळवून टाकला. साचाही मोडला.

इथे हे संपायला हवं होतं.

मावशी मला हे सांगत होती तेव्हा आम्ही वरच्या खोलीत बसलो होतो. ऊन गेलं होतं आणि दिवा अजून लावला नव्हता. ती बोलायची थांबली. मला वाटलं, दमली असेल.

मग मीही ऐकलं.

जिन्यावर... खुळखुळ...

"भिंगरी मावशी?" मी कसंबसं विचारलं.

"तिचा आवाज असा कुठला आता?" मावशी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "तिच्या हातात सोनं आहे. ही ती नर्सबाई. तिला आपण ह्या घरची म्हणून निरोप दिला ना. म्हणून ह्या घरी येते."

आवाज दारापाशी आला. कडी लागलेली होती. तरी तो आत आला.

"काय हवंय तिला?"

"भिंगरीला हवं होतं तेच. बदलून हवंय." मावशीने पक्कड पुन्हा हातात घेतली आणि नुसतीच धरून बसली. "तिच्या नवऱ्याला विचारलं मी. घरात तिचं सोन्याचं काही नव्हतंच कधी. मग मी काय ठेवू रे त्या डब्यात?"

कपाट कुरकुरलं. डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला.

मी तिथे अंधार पडेपर्यंत बसून होतो. झाकण लागल्याचा आवाज आला नाही.